डायनासुराचं वय

आमचे सर नवा माणूस भेटला की नाव विचारत नसत, वय विचारत. नाव काय, ते पुढंमागं कळतंच, असं त्यांचं म्हणणं. समोरचा "असंल पन्नास-पंचावन" असं काही पुटपुटला की सर मान पुढे काढत आणि विचारत, "सबूत?"

ही मान त्यांची खासियत होती. अंगानं काटकुळे, उंचीला ताडमाड आणि वर ही लांबलचक मान. वर्गात ते फळ्याकडून पोरांकडे वळायचे तेव्हा आधी मान वळायची आणि बाकीचं अंग सावकाश मागून यायचं. पोरांनी त्यांचं नाव 'डायनासुर' ठेवलं होतं. त्यात निम्मा वाटा त्यांच्या शिकवण्याचा, निम्मा मानेचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. तीर्थपुरीच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागलो आणि राहायला जागा शोधता शोधता सरांच्या शेजारच्या खोलीत येऊन पडलो. सर विज्ञान शिकवत. त्यांची बायको-मुलं वाटूरजवळच्या त्यांच्या गावी, म्हाताऱ्या आईपाशी. शनिवारी शाळा सुटली की सर वाटूरची गाडी पकडत, सोमवारी सकाळी परत. आठवड्याचे बाकीचे दिवस आम्हा दोघांची चूल एकच. भाकरी ते थापत, पिठलं मी हाटत असे. त्यांच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा, माझ्या पिठल्यात गाठी राहायच्या. मी मराठी शिकवतो एवढ्यावरून ते मला 'कविराज' म्हणत. मी उभ्या जन्मात एकही कविता केलेली नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. "सबूत?" असं ते विचारत. न केलेल्या कवितेचा सबूत मी आणू कुठून?

विज्ञानाच्या पुस्तकात डायनासोरवर जेमतेम चार ओळी होत्या. सर त्या चार ओळी पंधरा-पंधरा दिवस शिकवत. मैदानात फक्की मारून त्याची लांबी आखून दाखवत. शेपूट हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात यायची आणि हेडमास्तर ती ओलांडताना धोतर जरा वर घ्यायचे. पोरं ही सगळी विद्या घरी घेऊन जात. घरोघरी तिचं जे व्हायचं ते झालं. महिषासुर, भस्मासुर आणि आता हा डायनासुर. एकदा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सरांना हटकलं.

"मास्तर, पोरगं सांगू राह्यलं, डायनासुर गावायेवढा होता म्हणं. मंग त्याला मारला कुणी? देवीनं, का खंडोबानं?"

"कुणी न्हाई, बाबा. आपोआप मेला."

"आपोआप?" म्हाताऱ्यानं तोंड कडू केलं. "मंग कसला आलाय असुर त्यो!"

पण सरांचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो सहामाहीच्या एका उत्तरपत्रिकेवरून बाहेर आला. एका पोरानं लिहिलं होतं, 'डायनासोर कोट्यवधी वर्षे जगला.' सर तो पेपर फडकवत शिक्षकांच्या खोलीत आले.

हेडमास्तर म्हणाले, "बरोबरच आहे की. पुस्तकात तसंच दिलंय."

"जात जगली कोट्यवधी वर्षं, साहेब. जात!" सर म्हणाले. "एक जनावर किती जगलं? अंड्यातून निघालं, चरलं, पिल्लं झाली, गुडघे दुखायला लागले, मेलं. किती वर्षांत? पुस्तक सांगंना, हा पोरगा सांगंना आन तुम्हीबी सांगंना. जात किती टिकली ते समदे सांगतात. एक जीव किती जगला, ते कुणी विचारत न्हाई."

'जात' हा शब्द चारचौघांत इतक्या मोठ्यानं उच्चारला गेला की जो तो समोरच्या वह्या चाळायला लागला. सर छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. हे कुणापासून लपलेलं नव्हतं आणि त्याविषयी कुणी बोलतही नसे. सरांना त्या क्षणी फक्त डायनासोर म्हणायचा होता की आणखी काही, हे आम्हाला कळलं नाही. हेडमास्तरांनी चहा मागवला.

त्या दिवसापासून आमच्या चुलीपुढं एकच विषय सुरू झाला.

"मगर धरा सत्तर-ऐंशी वर्षं," भाकरी थापता थापता सर म्हणत. "कासव दीडशे. आन हा त्यांच्याच खानदानातला. मंग दोनशे धरा. तीनशे बी धरायला हरकत न्हाई. एवढं धूड व्हायलाच किती वर्षं लागली असतील!"

मी म्हणायचो, "धरू."

दुसऱ्या दिवशी पीठ मळताना त्यांचं मत फिरलेलं असायचं. "कविराज, कोंबडीचे पाय कधी नीट बघितलेत का? मला तर ते पाय बराबर त्याच खानदानातले वाटू राह्यले. आन कोंबडी जगून जगून किती जगती? पाच-सात वर्षं."

"म्हणजे डायनासोर एकतर सात वर्षं जगला, नाहीतर तीनशे?"

"हौ," सर गंभीरपणे म्हणाले. "त्याच्या मधात कुठंतरी."

आता माझी नात टीव्हीवर पाहून मला सांगते की शास्त्रज्ञ त्या हाडाचा आडवा काप काढतात. आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, ती मोजतात. तो जो सगळ्यांत भयंकर दातांचा प्राणी, तो म्हणे तिशीच्या आसपासच संपायचा. ते लांब मानेचे डोंगरासारखे, त्यांनाही दोनशे-तीनशे वर्षं द्यायला आता कुणी तयार नाही. फार तर माणसाइतकं आयुष्य, तेही नक्की नाही म्हणतात. तीस वर्षं! आमच्याकडे त्या वयात मास्तरची नोकरी कायम होत नसे. म्हणजे सर बरोबर होते. मधात कुठंतरी. सात आणि तीनशे यांच्या मधात बरोबर असणं फारसं अवघड नाही म्हणा.

डायनासोर हाताला लागत नव्हता, म्हणून सर जे हाताला लागेल त्याचं वय काढत. खिशात एक भिंग असे. गोदावरीकडून भोयाची बाई मासे घेऊन आली की सर एक मासा घेत, त्याचा एक खवला काढून उन्हाकडे धरत आणि त्यावरच्या रेघा मोजत. मग तो शिजवून माझ्या ताटात वाढताना सांगत, "तीन वर्षांचा होता." तीन वर्षं या माशानं नदीत कशी काढली असतील, हा विचार डोक्यात शिरला की माझा हात ताटात थबकायचा. मग तो मासा सर एकटेच खात. हा त्यांचा डाव होता, असा माझा आजही संशय आहे.

बैलबाजारात तर त्यांनी कहरच केला. मला बैल घ्यायचा नव्हता, त्यांनाही नव्हता. आम्ही नुसते फिरत होतो. एका व्यापाऱ्यानं बैलाचा ओठ वर करून दात दाखवले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "आत्ता कुठं दात जुळले बघा. कोवळा हाय." सर मधे घुसले. त्यांनी दातांना भिंग लावलं. शिंगाच्या मुळाशी बोट फिरवलं. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "दहाच्या खाली बिलकुल न्हाई."

गिऱ्हाईक निघून गेलं. व्यापारी दोर हातात तसाच धरून सरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओ मास्तर, तुम्हाला बैल घ्यायचा हाय, का पोरगी द्यायची हाय?"

पोरगीवरून आठवलं. पुढे सरांची बदली हसनाबादला झाली, त्यानंतर माझं लग्न ठरायची वेळ आली. माझे वडील नव्हते. मुलगी बघायला मोठं माणूस म्हणून मी सरांनाच घेऊन गेलो. घरच्यांचा याला थोडा विरोध होता, कशामुळं ते सांगायला नको. मी ऐकलं नाही. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मी खाली बघत होतो. आणि सरांचा आवाज आला, "वय?"

मुलीच्या वडलांनी सांगितलं.

"सबू..." एवढं सरांच्या तोंडून बाहेर पडलं आणि मी त्यांचा पाय दाबला. मग त्यांनी मोर्चा वळवला. घरात सगळ्यांत म्हातारं कोण? आजी आहेत, आत खाटेवर. सर पोहे सोडून आत गेले. आजीशी बराच वेळ बोलले. आजीच्या एका बहिणीची, दोन आत्यांची चौकशी केली. बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "कविराज, डोळे झाकून हो म्हणा. लई टिकाऊ खानदान हाय."

माझी बायको अजूनही सर्दी झाली तरी म्हणते, "घाबरू नका, टिकाऊ आहे मी."

सरांच्या या वेडावर आम्ही सगळेच हसायचो आणि तेही हसू देत. एकदा मात्र मी जरा जास्तच छेडलं. म्हटलं, "सर, त्या मेलेल्या जनावराचं वय कळून तुम्हाला करायचंय काय? त्याचा वाढदिवस करणार आहात का?"

ते तव्यावरची भाकरी उलटत होते. म्हणाले, "माझा बाप गेला, तेव्हा सरकारी माणूस आल्ता. त्यानं विचारलं, वय काय होतं? मला सांगता आलं न्हाई. आईला बी सांगता आलं न्हाई. गावात विचारलं, तर कुणी साठ म्हणालं, कुणी पन्नास. जन्मभर या समद्यांच्या शेतात राबला त्यो. मंग त्या माणसानं स्वतःच्या मनानं एक आकडा टाकून दिला आन गेला."

भाकरी फुगली. त्यांनी ती माझ्या ताटात टाकली. त्या दिवशी पिठल्यातल्या गाठींबद्दलही ते काही बोलले नाहीत.

आता विहिरीचं सांगतो. हे सरांच्या बदलीच्या आधीचं.

तीर्थपुरीहून गोदावरीकडं जाताना एक लहान गाव लागतं. तिथले उत्तमराव म्हणून एक शेतकरी मोसंबीची बाग लावायची म्हणून नवी विहीर खणत होते. नदीकाठची पिवळी माती, मधूनमधून वाळू आणि गोटे. दोन-तीन पुरुष उंचीइतकं खोल गेल्यावर एका मजुराच्या टिकावाला काहीतरी अडकलं. माती सारून पाहिली तर हाड. माणसाच्या मांडीपेक्षा जाड. त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं. मजूर दोर धरून भराभर वर आले. त्यातल्या एकाला त्याच संध्याकाळी थंडीताप भरला आणि गावात जे व्हायचं ते झालं. आमच्या शाळेत येणारी त्या गावातली पोरं काठावर जमली, खाली डोकावली आणि पूर्ण खात्रीनं बोलली, "डायनासुर!"

काम थांबलं. विहिरीत उतरायला कुणी तयार होईना. उत्तमरावांचे वडील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, ते म्हणाले, विहीर बुजवा आणि बोकड कापा. असुर निघालेल्या जागेचं पाणी प्यायचं नसतं. उत्तमराव बापापुढे बोलणारे नव्हते. सायकल मारत ते सरळ शाळेत आले.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरांना बोलावलं. "सर, तुमचा असुर निघाला. आता तुम्हीच निस्तरा."

सरांनी खोलीवर जाऊन लग्नकार्याला घालायचा सदरा पेटीतून काढला. बटणं वरखाली लागली, ती सोडून त्यांनी पुन्हा लावली. मी सायकल चालवली आणि ते मागच्या कॅरिअरवर बसले. त्यांचे पाय जमिनीला लागायचे.

"कविराज," ते मागून म्हणाले, "आपल्याकडं समदा काळा दगड. लाव्हा थिजून झालेला. त्यात असलं काही सापडत न्हाई. मला पुरतं माहीत हाय."

"मग?"

मग हळूच, "पण समजा..."

थोड्या वेळानं पुन्हा, "समजा हां, नुसतं समजा..."

त्या वाक्याच्या पुढे ते गाव येईपर्यंत गेले नाहीत.

विहिरीवर जत्रा भरावी तशी माणसं होती. बाभळीखाली घोंगडी टाकून आबा बसले होते. खप्पड गाल, डोक्याला मळका रुमाल, डोळे मात्र तिखट. शेजारी त्यांची म्हातारी. उत्तमरावांनी आमची ओळख करून दिली. आबांनी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ते पाहणं बराच वेळ चाललं, कारण सर उंच होते. तालुक्यातल्या लहान गावांत कोण कुणाचा, हे सांगावं लागत नाही.

"मास्तर, तुम्ही वरूनच बघा की," आबा म्हणाले. "एखादं हाड वर घेऊ ओढून. विहिरीत तुम्ही कशापायी..."

पुढचं बोलायची गरजही नव्हती. जमलेली माणसं जमिनीकडे बघायला लागली. उत्तमरावांचा चेहरा उतरला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात सरांनी मान पुढे काढली.

"आबा, पाणी लागलंय का?"

"न्हाई आजून. ओल बी न्हाई."

"मंग ती विहीर कशी म्हणायची? सध्या खड्डा हाय. खड्ड्यात कुणी बी उतरू शकतं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकला आल्याचं सोंग केलं. आबा सरांकडे बघतच राहिले. मग ओठांची एक कड हलली. "लई बिलंदर दिसतोय मास्तर," ते म्हातारीला म्हणाले. आणि सरांना, "उतरा. तसं बी बाकीचे समदे भेलेत."

उत्तमरावांनी स्वतः दोर धरला. सर उतरले. आम्ही काठावरून बघत होतो. वरून फक्त पांढरा सदरा आणि वाकलेली मान दिसत होती. बराच वेळ गेला. मी हाक मारली, "सर, काय आहे?" शेवटी मीही दोर धरून खाली गेलो. भीत भीतच गेलो.

सर मातीत फतकल घालून बसले होते. मांडीवर एक जबडा. रुमालानं त्याच्यावरची माती पुसून झाली होती. मला पाहून ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हत्ती."

"काय?"

"डायनासोर न्हाई. जुन्या काळचा हत्ती. औरंगाबादला आमच्या कॉलेजात कपाटात असाच जबडा ठेवलेला होता." त्यांनी रुमाल झटकून घडी केला. "मला माहीतच होतं. काळा दगड, लाव्हा. माहीतच होतं."

इतका पडलेला चेहरा मी नापास पोरांचाही पाहिलेला नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, वर कुणाला काय कळणारेय? डायनासोर म्हणून टाका. पेपरात नाव येईल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा असं काही सुचवलं नाही. मग खिशातून भिंग काढलं, निव्वळ सवयीनं काढलं असावं, आणि जबड्यातल्या दाढेवर धरलं. हळूहळू मान पुढे जायला लागली.

"थांबा," ते म्हणाले. "थांबा, थांबा, कविराज. हत्तीला दाढांच्या सहा पाळ्या येतात. मागून नवी दाढ सरकत येती, पुढची झिजून पडती. ही बघा. हिच्या मागं जबड्यात जागाच न्हाई. म्हंजे ही शेवटची. आन ती बी पार झिजलेली!" त्यांचा आवाज चढला. "अहो, याचं वय सांगता येतंय!"

वर आल्यावर मातीनं माखलेला सदरा झटकायचंही त्यांना सुचलं नाही. सैल झालेली ती दाढ दोन्ही हातांनी उचलून धरत त्यांनी सांगितलं, "हा असुर न्हाई. हत्ती हाय. किती जुन्या काळचा, ते मला ठाऊक न्हाई, उगं ठोकून देणार न्हाई. पण मेला तेव्हा वय साठीच्या घरात होतं."

पोरांची घोर निराशा झाली. मोठ्यांपैकी एकजण म्हणाला, "कशावरून?"

सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी क्वचित पाहिला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना उलटा सबूत मागितला होता. ते थेट आबांच्या म्हातारीपुढे जाऊन बसले आणि दाढ तिच्यापुढे धरली. "आजी, ह्याच्यावर आडवे कंगोरे असतात. कशासारखे?"

म्हातारीनं हात लावायला जरा वेळ घेतला. मग बोट फिरवलं. "जात्याला टाकी घातल्यावानी."

"बराबर. आन इथं?"

"इथं गुळगुळीत लागतंय. टाकी गेली हिची. असल्या जात्यावर दळण न्हाई व्हायचं."

"तेच झालं त्याचं. चारा दळता येईना. नवी दाढ यायची न्हाई. मंग मऊ लव्हाळं खायला नदीकडं आला असंल. इथं चिखलात बसला आन पुन्हा उठला न्हाई."

मघापर्यंत ज्या खड्ड्याकडे माणसं चोरून बघत होती, तिकडे आता सरळ बघायला लागली. आबा घोंगडीवरून उठून काठापाशी गेले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे दात गेल्यानं मेला म्हणा की."

"हौ."

"मह्या तोंडात बी दोनच राह्यलेत, मास्तर." आबांचा हात गालावर गेला होता.

"तुम्हाला म्या भाकर कुस्करून देती दुधात," म्हातारी मागून फणकारली. "त्याला कोण देणार होतं?"

सगळा काठ हसला. आबाही हसले. दोन्ही दात दिसले. मग मजुरांकडे वळून ते म्हणाले, "उभे काय राह्यलेत? उतरा जल्दी. आन टिकाव हळू मारा. म्हातारं जनावर हाय."

परत येताना सरांनी सायकल चालवली. मी मागं बसलो. अर्ध्या वाटेवर ते समोर बघतच म्हणाले, "कविराज, एकाचं तरी सांगता आलं."

त्यांचा सदरा पाठीवर घामानं भिजला होता.

पुढे सरकारी जीपमधून हाडं तपासायला दोन साहेब आले, हाडं पोत्यात भरून घेऊन गेले. जाताना त्यांनीही हत्तीच म्हटलं. विहीर आणखी खोल गेली आणि एक दिवस उत्तमराव शाळेत आले ते हातात पेढे घेऊनच. पाणी लागलं होतं. विहिरीची पूजा ठेवली होती आणि सगळ्या शिक्षकांना आमंत्रण होतं. उत्तमरावांनी सरांपुढे येऊन हात जोडले. "सर, तुम्ही तर यायलाच पाहिजे."

ते गेल्यावर सर मला म्हणाले, "खड्डा होता तवर गोष्ट वेगळी होती. आता पाणी हाय."

"म्हणजे येणार नाही?"

"येणार की. बघू तर."

विहिरीला झेंडूच्या माळा होत्या. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि पहिली कळशी वर आली. तांब्या फिरायला लागला. जो तो दोन घोट पिई आणि वाखाणी. कुणी म्हणालं, उसाच्या रसासारखं गोड. कुणी म्हणालं, असं पाणी पंचक्रोशीत नाही. आमचे हेडमास्तर डोळे मिटून म्हणाले, "अमृत!" आबा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

सर जरा बाजूला उभे होते. माणसाला लहानपणापासून जिथं उभं राहायची सवय लागते तिथं पाय आपोआप थांबतात. तांब्या उत्तमरावांच्या हातात होता. ते सरांसमोर आले आणि तिथं क्षणभर अडखळले. बापाकडे पाहिलं. सगळ्यांनीच आबांकडे पाहिलं.

"बघतो काय?" आबा खेकसले. "दे मास्तरला."

सरांनी तांब्या घेतला. सगळे पीत होते तसे, तांब्या वर धरून प्यायले.

"कसं हाय?" आबांनी विचारलं.

सरांनी आणखी एक घोट घेऊन तोंडात घोळवला. मान पुढे निघाली. ती मान निघालेली पाहिली आणि मी मनातल्या मनात म्हणायला लागलो, सर, आजच्या दिवस, फक्त आजच्या दिवस, गोड म्हणा.

"मचूळ हाय," सर म्हणाले.

बायकांच्या हातातली ताटं थांबली. हेडमास्तर आकाशात काही उडतंय का ते बघायला लागले.

आबा काठी टेकत उठले. एकेक पाऊल टाकत सरांपुढे आले. "काय म्हणला?"

"मचूळ. मोसंबीला चालंल. पण गोड काही न्हाई, आबा."

आबांनी सरांच्या हातातून तांब्या घेतला. तोच तांब्या, त्यात उरलेलं तेच पाणी. तोंड वर करून एक घोट घेतला, सरांसारखाच घोळवला आणि गिळला. मग सगळ्या जमलेल्या माणसांकडे वळले.

"म्या पहाटं पहिला घोट घेतला, तवापासून मला बी मचूळच लागू राह्यलंय! म्हणलं, म्हातारपणानं जीभ गेली का काय. आन एक माणूस खरं बोलंना. एक बी न्हाई!" काठी हेडमास्तरांकडे वळली. "आन तुम्ही म्हणं, अमरुत!"

मग त्यांनी कळशीतून तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि सरांच्या हातात दिला.

"आजून एक घोट घ्या, मास्तर. आन नीट सांगा, कशापायी असं लागू राह्यलंय ते."